चावी

मानवतच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं
पाणी सोडतोय.
आठ दिवसांतून एकदा, एका गल्लीला पाऊण तास.
त्यामुळं कुणाच्याही घरात शिरलो
की आधी नळ सोडून बघायची खोड.
कोल्हापुरातही तेच केलं.

लेकीला सीपीआरमध्ये नर्सची नोकरी लागली होती.
राजारामपुरीतली खोली छान होती,
मोरीतला नळ धो धो.
मालकांनी आत चहा टाकायला सांगितला
आणि आडनाव विचारलं.
खिल्लारे, म्हणालो.
चहा आला. बशी रिकामी होईस्तोवर
खोली पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली.

शाहूपुरीत नाइट ड्यूटी चालणार नव्हती.
रात्री-अपरात्री फाटक वाजायला नको.
ही म्हणाली, काकू, पेशंट काय दिवसाच आजारी पडतात का?
काकू हसल्या. हसत हसत फाटक लावलं.
नागाळा पार्कात डिपॉझिटचा आकडा ऐकून
आम्ही दोघं बाल्कनीतनं झाडं बघत राहिलो,
तेवढी परवडत होती म्हणून.
मंगळवार पेठेत मटण शिजवायचं नाही म्हणाले.
खालच्या खानावळीतनं तांबड्या रश्श्याचा वास
जिन्यानं वर येत होता.
त्याला कुणी अडवत नव्हतं.

दुपारी रंकाळ्याच्या काठाला
संघमित्रानं चप्पल काढून टाच बघितली.
मी म्हणालो, नुसतं मित्रा सांगायचं का नाव?
ती बोलली नाही काही.
भडंगाची पुडी सरकवली माझ्याकडं,
त्यातले शेंगदाणे वेचून खाल्लेले, लहानपणी खायची तसे.
मग म्हणाली, तुम्हीच ठेवलंय ना,
सगळंच वापरते.

शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडं उतरणाऱ्या बोळात,
सुगंधाबाई मगदूम म्हणाल्या,
चावीला सकाळ-संध्याकाळ पाणी असतंय.
मी बावचळलो.
आमच्याकडं चावी म्हणजे कुलपाची,
नाहीतर माझी, हातभर लोखंडाची, जिनं व्हॉल्व फिरतो.
त्यांची चावी म्हणजे नळ.
लेक हसली, दिवसभरात पहिल्यांदा.

पाणी किती वेळ येतं? मी विचारलंच.
कुठवर येतंय ते इचारा की, बाई म्हणाल्या
आणि जिन्याखालची भिंत दाखवली.
पेन्सिलीच्या दोन रेघा, पोरांची उंची मोजावी तशा.
वर एकोणीस सालची,
खाली वीतभर एकवीसची.
पाठ लावून उभा राहिलो.
रेघ गळ्याशी आली.
एवढं पाणी आमच्या गल्लीला वर्षभर पुरवलं असतं मी,
आणि ते आलं, चार दिवस राहिलं,
गादीत चिखल ठेवून गेलं.

खोली वरच्या मजल्याला. अठरा पायऱ्या.
चढताना मोजल्या, उतरताना पुन्हा मोजल्या.
आणि पाणी चढलं तर?
तर मी जाईन की वर हिच्याकडं. जागा करून ठेव गं, पोरी.
आडनाव त्यांनी पावती लिहिताना विचारलं.
पहिलीच वेलांटी न्हवं? म्हणाल्या,
आणि पहिली दिली.

किल्ल्या दोन. एक हिची,
एक कोण आलं-गेलं तर.

रात्रीच्या परभणी गाडीत बसलो.
शिरोलीच्या पुलावर नदी दिसली नाही,
खिडकीतनं ओला वास आला फक्त.
तिकिटासाठी खिसा चाचपला, तर दुसरी किल्ली माझ्याचकडं.
फोन केला.
राहू द्या, म्हणाली, ड्यूटीवर निघालेय.

याला तीन आठवडे झाले.
पोस्टानं पाठवतो, पाठवतो म्हणतोय.
पहाटे चारला व्हॉल्व सोडायला वाकलो
की लोखंडी चावीच्या कडीत
ती पितळी किल्ली बारीक वाजते,
पाइपात पाणी यायच्या थोडं आधी.